दूरचित्रवाणी नाकारणारे गाव आणि त्याचा दिग्दर्शक

कॅनडाच्या ईशान्य टोकाकडे, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस, इग्लुलिक नावाचे एक लहान बेट आहे. बेटाचे व त्यावरील एकुलत्या एका गावाचे नाव एकच. १९७२ मध्ये कॅनडाने ‘अनिक’ हा दळणवळण उपग्रह अवकाशात सोडला आणि उत्तरेकडील विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत दूरचित्रवाणी नेण्याची सोय झाली. आजूबाजूच्या वस्त्या एकामागून एक ती स्वीकारू लागल्या. इग्लुलिकने मात्र १९७५ मध्ये गावकऱ्यांचे मतदान घेऊन ती नाकारली आणि १९७९ मध्ये पुन्हा मतदान घेऊन पुन्हा नाकारली. वरवर पाहणाऱ्यास हा नव्याला भिणाऱ्या एखाद्या कर्मठ गावाचा हट्ट वाटेल. तसे नव्हते. बंदूक, मोटरबोट, बर्फावरून धावणारी यांत्रिक गाडी हे सारे त्या गावाने केव्हाच आपलेसे केले होते. आक्षेप इतकाच होता की, त्या पेटीतून चोवीस तासांत येणारा एकही शब्द त्यांच्या भाषेतला नव्हता.

घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, असे ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्या आपल्यासारख्यांना या नकाराचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. घरात शिरलेली पेटी कोणत्या भाषेत बोलते, यावर नातवंडे आजीशी कोणत्या भाषेत बोलतील हे पुष्कळसे ठरत असते. परंतु नुसता नकार फार दिवस टिकत नाही. नकार देणाऱ्या या गावातच राहून, त्याच माध्यमाला आपली भाषा बोलावयास लावणारा एक माणूस पुढे निघाला. झकारायस कुनुक हे त्यांचे नाव. इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेतील पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला आणि २००१ मध्ये कान येथील महोत्सवात त्यास पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ हा सन्मान मिळाला. पारितोषिकापेक्षा तेथवर पोहोचण्याची वाट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. म्हणून ती येथे थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

कुनुक यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९५७ रोजी इग्लुलिकजवळील कापुइविक या ठिकाणी झाला. तेथे गाव नव्हते. ऋतुमानाप्रमाणे शिकारीमागे फिरणाऱ्या काही कुटुंबांचा तो मुक्काम होता. मातीच्या आणि गवताच्या ढेकळांचे हिवाळी घर, सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा, कुत्र्यांनी ओढायची बर्फगाडी असे त्यांचे पहिल्या नऊ वर्षांचे जग होते. इनुइट समाजात नवजात मुलाला दिवंगत आप्ताचे नाव देतात. आपल्याकडेही आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल आहे. पण त्यांची रीत अधिक खोल जाते. ज्याचे नाव मुलाने घेतले, त्याच्याच नात्याने मुलाला हाक मारली जाते. आई आपल्या तान्ह्याला ‘बाबा’ म्हणू शकते. सरकारी कचेरीला हा गुंता झेपेना. आडनाव नाही, उच्चार जमत नाही, म्हणून १९४० च्या दशकापासून प्रत्येक इनुइट व्यक्तीस क्रमांक कोरलेला एक बिल्ला देण्यात आला. तो गळ्यात घालायचा किंवा जवळ बाळगायचा. कुनुक यांचा क्रमांक होता ‘ई ५-१६१३’. ई म्हणजे पूर्व विभाग. ही पद्धत बंद होऊन लोकांना आडनावे देण्याचे काम १९७० च्या आगेमागे पार पडले. म्हणजे आपल्या मोठ्या दिग्दर्शकांपैकी एकाला कॅनडाने त्याच्या बालपणभर एका क्रमांकाने ओळखले.

१९६६ मध्ये या नऊ वर्षांच्या मुलाला इग्लुलिकच्या शाळेत आणण्यात आले. मुले शाळेत घातली नाहीत तर कुटुंबाला मिळणारा सरकारी भत्ता बंद होईल, असा धाक होता. शाळेची भाषा इंग्रजी. गावच्या सभागृहात मात्र एक मोठे आकर्षण होते: आठवड्याच्या आठवड्याला लागणारे अमेरिकन चित्रपट. तिकीट पंचवीस सेंटचे. ते पैसे मिळावेत म्हणून मुले मऊ दगडात लहानसहान आकृती कोरून विकत. कुनुक पुढे नाणावलेले शिल्पकार झाले, त्याची सुरुवात या पंचवीस सेंटांपासून झाली, हे त्यांनीच सांगितले आहे. पडद्यावर जॉन वेन घोडदळाच्या अग्रभागी असे आणि बाण मारणारे मूळ रहिवासी पटापट पडत. सभागृहातील इनुइट मुले घोडदळाच्या बाजूने असत. आपण कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न त्या वयात पडत नाही. कुनुक यांना तो पुढे पडला.

येथे आपल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहत असता त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले आणि त्या ध्यासातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मला. साम्य आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. फाळक्यांनी परक्यांचा देव पाहिला आणि त्या जागी आपला कल्पिला. कुनुक यांच्या लोकांचे चित्र तर परक्यांनी अगोदरच काढून ठेवले होते, आणि ते जगभर गाजलेही होते.

ते चित्र म्हणजे रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९२२ चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’. माहितीपटाच्या इतिहासाचा आरंभ अनेक ग्रंथ याच कृतीपासून करतात आणि तिचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर ती चित्रित झाली. खर्च केला होता केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने. ‘नानूक’ची भूमिका करणाऱ्या माणसाचे खरे नाव अल्लाकारियाल्लाक. त्याला ग्रामोफोनची तबकडी दातांनी चावताना दाखविले आहे, जणू काही हे यंत्र त्याने कधी पाहिलेच नव्हते. प्रत्यक्षात त्या भागातले शिकारी बंदुका वापरीत होते. चित्रपटासाठी त्यांनी हार्पून हाती घेतला. इग्लूच्या आत प्रकाश पुरेना, म्हणून अर्धाच इग्लू बांधून उघड्या बाजूने चित्रीकरण झाले. कॅमेऱ्याची देखभाल, फिल्म धुणे या कामांत फ्लाहर्टींना इनुइट साहाय्यकांची मोठी मदत झाली. पण पडद्यावर दिसला तो तबकडी चावणारा माणूस. मूकपट असल्यामुळे भाषेचा प्रश्नच आला नाही.

१९८१ मध्ये कुनुक आपली शिल्पे घेऊन मॉन्ट्रिअलला गेले. ती विकून आलेल्या पैशांतून त्यांनी एक व्हिडिओ कॅमेरा, फिती दाखविण्याचे यंत्र आणि एक दूरचित्रवाणी संच विकत घेतला. ज्या गावाने दूरचित्रवाणी दोनदा नाकारली होती, तेथे हा संच आला. त्यामागची कुनुक यांची प्रेरणा साधी होती. वडील आणि त्यांचे सोबती शिकारीहून परतल्यावर चहा पीत जे किस्से सांगत, ते असेच्या असे टिकवून ठेवता येतील का, हे त्यांना पाहायचे होते. संध्याकाळी ते चित्रित केलेले पाहू लागले की गावची मुले खिडकीशी गर्दी करीत. त्या काचेपलीकडे प्रथमच कोणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होते.

याच सुमारास इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन झाली. इनुक्टिटुट कार्यक्रमांची शक्यता दिसताच गावाचा विरोध मावळला आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात इग्लुलिकने दूरचित्रवाणी स्वीकारली. कुनुक त्या संस्थेत नोकरीस लागले. तेथे पॉल अपाक अंगिलिर्क हे सहकारी भेटले. १९८५ मध्ये नॉर्मन कोहन या न्यूयॉर्कच्या व्हिडिओ-कलावंताशी ओळख झाली. कोहन पुढे इग्लुलिकलाच येऊन राहिले. नोकरीत मन मात्र रमेना. संस्था इनुइटांची असली तरी तिचे महत्त्वाचे निर्णय हजारो किलोमीटर दूर ओटावात होत. १९९० मध्ये कुनुक, अपाक, कोहन आणि पौलुसी कुलितालिक हे वयोवृद्ध कथाकार, अशा चौघांनी ‘इसुमा’ ही स्वतंत्र निर्मितिसंस्था काढली. ‘इसुमा’ म्हणजे विचार. बहुतांश मालकी इनुइटांची असलेली अशी ही कॅनडातील पहिलीच चित्रपटसंस्था.

या काळातील त्यांच्या कृती बाहेर फारशा पाहिल्या जात नाहीत, हे दुर्दैव. ‘कग्गिक’ (१९८९), ‘नुनाकपा’ (१९९१), ‘सापुती’ (१९९३) आणि ‘नुनावुत’ ही तेरा भागांची मालिका (१९९४-९५) यांतून त्यांची पद्धत घडली. मालिकेचा काळ १९४५ चा: गावे वसण्यापूर्वीचा, पण वृद्धांच्या जिवंत आठवणीतला. बांधील संवाद नाहीत. अमुक ऋतूत, अमुक ठिकाणी, अमुक नात्याची माणसे काय करीत असतील, एवढे ठरवायचे आणि करावयास लागायचे. व्हिडिओचा मोठा फायदा असा की चित्रित केलेले तेथल्या तेथे पाहता येते. वृद्ध मंडळी ते पाहत आणि सांगत, की कुत्रे असे जुंपीत नसत, सुनेने सासऱ्याशी असे बोलणे शोभत नाही, हा शब्द त्या वेळी नव्हता. की लगेच पुन्हा चित्रीकरण. आमच्या मते कुनुक यांच्या कलेचे मर्म या तपासणीत आहे. दिग्दर्शकाच्या वर एक पंचमंडळ बसलेले होते आणि ते गावातल्या म्हाताऱ्यांचे होते.

आता ‘अतानारजुआत’कडे वळू. इंग्रजीत ‘द फास्ट रनर’ म्हणून प्रसिद्ध असलेली ही कथा इग्लुलिक परिसरात शतकानुशतके सांगितली जात आली आहे. एका तळावर दुष्ट देवऋषी येतो आणि तेथील माणसांत वैराचे बीज पडते. पुढच्या पिढीत ते उगवते. आतुआत ही मुलगी ओकी याला नेमून दिलेली. तिचे मन अतानारजुआतवर. दोघांत द्वंद्व होते, तेही विलक्षण प्रकारचे: समोरासमोर उभे राहून आळीपाळीने एकमेकांच्या कानशिलावर ठोसा मारायचा, पडेल तो हरला. अतानारजुआत जिंकतो, आतुआतशी संसार मांडतो. पुढे ओकीची बहीण पुया हिलाही घरात आणतो आणि तेथून अनर्थ ओढवतो. ओकी व त्याचे साथीदार झोपलेल्या दोघा भावांवर तंबू पाडून वरून भाले खुपसतात. थोरला भाऊ मरतो. अतानारजुआत तसाच, अंगावर वस्त्र नाही अशा अवस्थेत, वसंतातल्या फुटू लागलेल्या समुद्री बर्फावरून धावत सुटतो. रक्ताळलेले तळवे, पाण्याची डबकी, मध्येच आडवी येणारी रुंद भेग. नतार उंगालाक या नटाने केलेली ही धाव ज्याने एकदा पाहिली, तो ती विसरणार नाही.

या चित्रपटाची पूर्वतयारी हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अपाक यांनी आठ वृद्धांकडून कथेचे आठ पाठ ध्वनिमुद्रित करून घेतले आणि त्यांतून एक संहिता सिद्ध केली. आपल्याकडे प्राचीन काव्याच्या संपादनात निरनिराळ्या पोथ्या जुळवून पाठ ठरवितात, त्याच जातीचे हे काम. फरक एवढाच की येथील पोथ्या बोलत होत्या. वेशभूषेसाठी एक अनपेक्षित आधार सापडला. ब्रिटिश नौदलाचे कप्तान पॅरी यांच्या मोहिमेची जहाजे १८२२-२३ चा हिवाळा इग्लुलिकपाशी अडकून पडली होती. त्या मोहिमेच्या रोजनिशांत तेथील माणसांची वर्णने व चित्रे आहेत: अंगरखे, गोंदण, हत्यारे. परक्याने केलेली नोंद अशा रीतीने कामास आली; पण ती तपासली वृद्धांनीच आणि कॅरिबू व सीलची कातडी शिवली गावच्या बायकांनी.

पैशाची कथा कटू आहे. कॅनडात चित्रपटांना सरकारी निधीचा मोठा आधार असतो. इंग्रजी व फ्रेंच चित्रपटांसाठी एक वाट. मूळ रहिवाशांच्या भाषांतील निर्मितीसाठी दुसरी, अत्यंत तुटपुंज्या कमाल मर्यादेची. तीन तासांच्या कथाचित्रपटाला ती पुरणे शक्यच नव्हते. आमच्या भाषेत चित्रपट करायचा म्हणून तो लहानच असला पाहिजे, असे कोणी ठरविले, हा इसुमाचा प्रश्न होता आणि तो त्यांनी जाहीरपणे, चिकाटीने विचारला. १९९८ मध्ये काम पैशाअभावी अडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अपाक कर्करोगाने गेले. स्वतःच्या संहितेचा चित्रपट त्यांना पाहावयास मिळाला नाही. पुढे कॅनडाचे नॅशनल फिल्म बोर्ड सहनिर्माते म्हणून आले आणि सुमारे १९ लाख कॅनेडियन डॉलर खर्चाचा हा चित्रपट १९९९ मध्ये चित्रित झाला. त्याच वर्षी १ एप्रिल रोजी इनुइटबहुल ‘नुनावुत’ हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. नुनावुत म्हणजे ‘आपली भूमी’. तो योगायोग होता. पण त्या वर्षी इग्लुलिकच्या बर्फावर उभ्या असलेल्या माणसांना तो निव्वळ योगायोग वाटला नसेल.

चित्रपट प्रथम दाखविला गेला तो कानला नव्हे, इग्लुलिकला, डिसेंबर २००० मध्ये. पुढचे सर्वश्रुत आहे: कान, कॅनडाचे राष्ट्रीय ‘जिनी’ पुरस्कार, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन यांबरोबरच पटकथेचा मान दिवंगत अपाक यांना. २०१५ मध्ये टोरांटो महोत्सवाने घेतलेल्या कौलात हा आजवरचा सर्वोत्तम कॅनेडियन चित्रपट ठरला. त्यापूर्वीच्या कौलांत पहिला क्रमांक क्लोद जुत्रा यांच्या ‘मों ऑन्क्ल आंत्वान’ या फ्रेंच चित्रपटाचा असे. म्हणजे या देशाच्या चित्रपटसृष्टीत सर्वोच्च स्थान मिळविणाऱ्या दोन्ही कृती तेथील बहुसंख्यांच्या भाषेतल्या नाहीत.

चित्रपटाच्या अखेरीस श्रेयनामावलीबरोबर चित्रीकरणाची दृश्ये येतात. कातड्याच्या पोशाखातले नट आणि त्यांच्याभोवती जाकिटे, गॉगल घातलेले गावकरी. बर्फगाडीवर बसविलेला कॅमेरा ढकलला जात आहे. फ्लाहर्टींनी जे झाकले, ते येथे उघड करून दाखविले आहे. आम्ही तुमच्यासमोर पुराणपुरुष म्हणून उभे नाही, आम्ही आपली गोष्ट सांगत होतो, असे ती दृश्ये न बोलता सांगतात.

लिपीविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. पूर्व आर्क्टिकमध्ये इनुक्टिटुट लिहिली जाते ती रोमन लिपीत नव्हे, अक्षरलिपीत. तिचे मूळ जेम्स एव्हन्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये क्री भाषेसाठी रचलेल्या लिपीत आहे. हाती छापखाना नसल्याने त्याने चहाच्या पेट्यांच्या अस्तराचे शिसे वितळवून खिळे पाडले होते. पुढे तीच लिपी इनुक्टिटुटसाठी जुळवून घेण्यात आली. तीत प्रत्येक व्यंजनाचा एक आकार असतो आणि तो आकार ज्या दिशेस वळवावा तसा त्यातील स्वर बदलतो. शब्दान्तीचे स्वरहीन व्यंजन लहान आकारात, वरच्या अंगास लिहितात. व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर, ही कल्पना एव्हन्सला कोठून सुचली? लघुलिपीबरोबरच देवनागरीचाही परिणाम त्यावर झाला असावा, असे या लिपीचे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा आपल्या बाराखडीची एक दूरची भाची ध्रुवप्रदेशात नांदते आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

एका गोष्टीविषयी मात्र मतभेदास जागा आहे. परंपरागत कथेत अतानारजुआत परतून सूड घेतो, शत्रूंना ठार करतो. चित्रपटात तो इग्लूतील जमीन बर्फाने गुळगुळीत करून ठेवतो, स्वतःच्या पायांना पकड राहील अशी युक्ती योजतो, घसरून पडलेल्या ओकीवर हत्यार उगारतो आणि शेजारच्या बर्फावर मारतो. मारणे येथे थांबले पाहिजे, एवढेच म्हणतो. पुढे तळावरील वृद्धा पानिकपाक अपराध्यांना हद्दपार करते. आठ वृद्धांचे पाठ एवढ्या निष्ठेने जमविल्यावर शेवट बदलण्याचा अधिकार कोणाचा? आम्हांस वाटते, तो सांगणाऱ्याचाच. मौखिक कथा ही संग्रहालयातील वस्तू नव्हे. ती ज्यांची आहे त्यांना आज जे मुलांना सांगावेसे वाटते, त्याप्रमाणे ती वळते. हाच बदल एखाद्या परक्या दिग्दर्शकाने केला असता तर आमचे मत वेगळे झाले असते, हेही मान्य करू. तर्कशास्त्राला हा भेद पटणार नाही. इतिहासाला पटतो.

पुढचा ‘द जर्नल्स ऑफ नूड रासमुसेन’ (२००६) कुनुक व कोहन यांनी मिळून दिग्दर्शित केला. १९२१ ते १९२४ या काळातील डॅनिश मोहिमेचे नेते रासमुसेन यांच्या लेखनाचा त्यास आधार आहे. ते स्वतः ग्रीनलंडमध्ये वाढलेले आणि इनुइटांची भाषा बोलणारे होते. केंद्रस्थानी आहे आव्वा हा अखेरच्या काही थोर देवऋषींपैकी एक. उपासमारीच्या दिवसांत नवख्रिस्ती झालेल्यांच्या तळावर अन्न आहे; पण ते हवे तर जुनी श्रद्धा सोडली पाहिजे. अखेरीस आव्वा आपल्या साहाय्यक आत्म्यांना निरोप देतो आणि ते बर्फातून रडत दूर जातात. चित्रपट संथ आहे, पात्रांची नाती लवकर उमगत नाहीत, आणि ‘अतानारजुआत’चे प्रेक्षक त्याला लाभले नाहीत. तरीही त्या शेवटच्या दृश्यासाठी तो पाहावा. कुनुक स्वतः ख्रिस्ती घरात वाढले. ही गोष्ट शाळेत किंवा चर्चमध्ये त्यांना कोणी सांगितली नव्हती.

कीर्तीने घर चालत नाही. २०११ मध्ये कर्जापायी इसुमा कंपनी दिवाळखोरीच्या वाटेने गेली आणि तिचा ताबा धनकोंच्या वतीने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. काम मात्र निराळ्या नावांनी चालू राहिले. २००८ मध्येच त्यांनी इंटरनेटवर ‘इसुमाटीव्ही’ सुरू केले होते. उत्तरेकडील वस्त्यांत इंटरनेट इतके मंद की चित्रफीत पाहणे अशक्य. म्हणून गावागावांत स्थानिक साठवणुकीची यंत्रे बसविण्याचा उद्योगही त्यांनी केला. २०१२ मध्ये बॅफिन बेटावरील मेरी रिव्हर येथील लोहखनिजाच्या खाणीसंबंधी सुनावण्या झाल्या, तेव्हा कुनुक स्वतः निवेदन करावयास उभे राहिले. ज्या लोकांच्या जमिनीवर व समुद्रावर परिणाम होणार, त्यांना हजारो पानांचे इंग्रजी अहवाल देऊन काय उपयोग? माहिती त्यांच्या भाषेत, ऐकता व पाहता येईल अशा रूपात द्या, ही त्यांची मागणी होती. चित्रपटकाराने खाणीच्या सुनावणीत पडावे कशाला, असे कोणास वाटेल. पण कॅमेरा हाती घेतला त्या दिवसापासून त्यांचे काम एकच होते.

जॉन वेनचा हिशेबही त्यांनी पुरा केला. जॉन फोर्ड यांच्या १९५६ च्या ‘द सर्चर्स’ या चित्रपटात वेन मूळ रहिवाशांनी पळविलेल्या पुतणीचा वर्षानुवर्षे शोध घेतो. २०१६ च्या ‘मालिग्लुतित’मध्ये कुनुक यांनी तोच सांगाडा उचलून आर्क्टिकमध्ये नेला, पळविणारे इनुइट, शोधणारेही इनुइट. घोडदळ नाहीच. कोणाच्या बाजूचे व्हायचे, हा प्रश्नच त्यांनी तेथून काढून टाकला.

आमच्या दृष्टीने मात्र ‘अतानारजुआत’च्या शेजारी ठेवावी अशी कृती आहे २०१९ ची, ‘वन डे इन द लाइफ ऑफ नोआ पिउगात्तुक’. कॅनडातर्फे त्या वर्षीच्या व्हेनिस बिएनालेत इसुमाला स्थान मिळाले, तेव्हा ही कृती तेथे मांडण्यात आली. १९६१ च्या वसंतातला एक दिवस. कापुइविक येथे राहणारा शिकारी नोआ, ही एक खरीखुरी व्यक्ती, सोबत्यांसह शिकारीस निघाला आहे. वाटेत बर्फावर एक सरकारी गोरा अधिकारी दुभाष्यासह भेटतो. चहा होतो, बिस्किटे व जॅम निघतो, आणि बोलणे सुरू होते: तुम्ही गावात राहावयास या, घर मिळेल, मुले शाळेत जातील. नोआ नाही म्हणतो. अधिकारी पुन्हा सांगतो. नोआ पुन्हा नाही म्हणतो. चित्रपटाचा फार मोठा भाग एवढ्यानेच व्यापलेला आहे.

सारी गंमत, आणि सारे दुःखही, दुभाष्यात आहे. उपशीर्षकांमुळे प्रेक्षकास दोन्ही बाजू कळतात. बर्फावर बसलेल्या दोघांना कळत नाहीत. अधिकाऱ्याचे आढ्यतेचे वाक्य दुभाषी मऊ करून सांगतो, नोआची थट्टा गाळून टाकतो, लांब उत्तराचे दोन शब्द करतो. तो लबाड नाही. दोन्हीकडे भांडण नको म्हणून धडपडणारा भला माणूस आहे. पण त्याच्या भलेपणातून एक संपूर्ण जीवनपद्धती निसटून जात असलेली आपण पाहतो. परप्रांतातील कचेऱ्यांत, पंचायतींत, शाळाप्रवेशाच्या खिडक्यांपाशी आपल्या आजोबा-पणजोबांसाठी कोणी ना कोणी हे काम केले असेल. त्यातले काय पोहोचले आणि काय वाटेत राहिले, याची नोंद कोठे नाही.

इतिहासात नोआचा नकार टिकला नाही. १९६० च्या दशकात कापुइविकसारखे मुक्काम एकेक करून ओस पडले. नोआ १९९३ मध्ये वारले. त्यापूर्वी इग्लुलिकच्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे जे मोठे काम झाले, त्यात त्यांच्याही आठवणी आहेत. जानेवारी २०२१ मध्ये ‘उवागुत टीव्ही’ ही पूर्णपणे इनुइट भाषेत चालणारी कॅनडातील पहिली वाहिनी सुरू झाली. तिच्या उभारणीत इसुमाच्या मंडळींचा मोठा वाटा होता. आणि २०२५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कुनुक यांनी आणखी एक कथाचित्रपट बर्लिनच्या महोत्सवात सादर केला. ‘उइक्सारिंगितारा’ हे त्याचे नाव. जन्मतःच एकमेकांस नेमून दिलेल्या आणि पुढे ताटातूट झालेल्या दोन तरुण जिवांची ती कथा. भाषा अर्थातच इनुक्टिटुट.